पूल आणि दूरान्वय

मराठी वाङ्मयांत नदी विपुल आहे, पूल मात्र फार थोडे आहेत. घाट, डोह, वाळवंट, नाव आणि नावाडी यांच्या वर्णनांनीं आपल्या काव्यकथांचीं पानें भरलीं आहेत. परंतु आजच्या नागरिकाचें नदी ओलांडण्याचें जें रोजचें साधन, त्या पुलाकडे रसिकानें क्वचितच लक्ष दिलें आहे. पूल हा इंजिनियरांचा विषय. तो बांधावा सरकारनें, त्यावरून जावें लोकांनीं, आणि त्याविषयीं बोलावें तो पडल्यावर, अशी आपली सर्वसाधारण समजूत दिसते. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. एखादा चांगला ग्रंथ वर्षांतून चारपांचशें लोक वाचीत असतील. पूल हजारों माणसें रोज दोनदां वाचतात, आणि तींहि आपल्या पायांनीं. जी कृति इतक्या लोकांच्या आयुष्यांत इतकी मिसळलेली आहे, तिचें गुणदोषविवेचन वाङ्मयीन मासिकांत कां होऊं नये? प्रस्तुत लेखांत पुणें शहरांतील मुठा नदीवरचे पूल, आणि त्यांस धरून पायीं चालणारांसाठीं व सायकलस्वारांसाठीं जे मार्ग आंखले जात आहेत ते, यांचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

परीक्षणास माप हवें. आपल्याकडील वाक्यदोषांच्या चर्चेंत दूरान्वय हा एक दोष सांगितलेला असतो. जीं पदें अर्थानें एकमेकांस लागून असावयाचीं तीं वाक्यांत दूर दूर पडलीं, म्हणजे वाचकाला मधलीं सारीं पदें ओलांडून कर्त्याची क्रियापदाशीं गांठ घालावी लागते. पदें सारीं शुद्ध असतात, एकहि शब्द चुकलेला नसतो. तरी वाक्य कळत नाहीं. दुसरा दोष छंदःशास्त्रांतला, यतिभंगाचा. जेथें थांबावयाचें नाहीं तेथें, ऐन शब्दाच्या मध्यावर, विराम आला कीं चाल मोडते. नगररचनेकडे पाहतांना या दोन दोषांची आम्हांस वारंवार आठवण होते. नदीच्या अलीकडे घर आणि पलीकडे शाळा. समोर बोट दाखवावें इतकी ती जवळ, पण तेथें पोंचावयास अर्धा कोस चालावें लागतें, हा दूरान्वय. पुलावर पदपथ आहे, परंतु पूल संपतांच तोहि संपतो आणि चालणारा मोटारींच्या लोंढ्यांत उभा राहतो, हा यतिभंग.

या मापाला परदेशांतील अनुभवाचाहि आधार आहे. सायकलींच्या बाबतींत डच लोकांचा अधिकार सर्वमान्य आहे. त्यांच्या मार्गरचनेच्या मार्गदर्शक ग्रंथांत सायकल-मार्गाच्या अंगीं पांच गुण असावे असें सांगितलें आहे: सलगपणा, सरळपणा, सुरक्षितता, सुखकारकता आणि आकर्षकता. सलगपणा प्रथम सांगितला आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. रस्ता रुंद असेल, गुळगुळीत असेल, दोहों बाजूंस झाडें असतील. परंतु तो मध्येंच तुटला असेल तर बाकीचे गुण वायां जातात. फुटक्या घागरीवर कितीहि सुंदर नक्षी काढली तरी ती पाणी धरीत नाहीं. आपल्या देशापुरता आम्ही ह्या पांचांस सहावा गुण जोडूं. मार्ग सर्व ऋतूंत चालू राहिला पाहिजे. ज्या देशांत वर्षाचे चार महिने पावसाचे, तेथें आठ महिन्यांचा मार्ग हा अर्ध्यावर सोडलेला ग्रंथ होय.

आतां प्रत्यक्ष नदीकडे वळूं. मुठेच्या उजव्या तीरावर जुन्या पेठा आहेत. डाव्या तीरावर डेक्कन जिमखाना आणि पूर्वींचें भांबुर्डें, म्हणजे आजचें शिवाजीनगर. जुनें पुणें मुख्यतः एकाच तीरावर नांदत होतें, आणि नदी ही त्याची वेस होती. पानिपतच्या संग्रामानंतर, १७६१ च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेनें मुठेवर लांकडाचा पूल बांधला गेला, असें परंपरा सांगते. लांकूड गेलें, दगड आला, कागदोपत्रीं संभाजीमहाराजांचें नांव लागलें. तरी लोकांच्या तोंडीं तो लकडी पूलच राहिला. शनिवारवाड्याजवळचा दगडी कमानींचा लॉईड पूल १९२३ सालीं खुला झाला. त्याला पुढें शिवाजीमहाराजांचें नांव मिळालें. आणि शंभर वर्षें उलटून गेलीं तरी पुणेंकर त्याला नवा पूलच म्हणतात. लोक पुलाला नांवानें ओळखीत नाहींत, सवयीनें ओळखतात, एवढें यावरून दिसतें.

पलीकडील तीरावर महाविद्यालयें, वसतिगृहें, कचेऱ्या आणि बंगले वाढत गेले, तसें नदी ओलांडणें हें पुण्याचें नित्यकर्म झालें. तें कर्म एके काळीं बहुतांशीं पायीं आणि सायकलीवरून होत असे. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून देशभर ओळखलें जाई, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांच्यापैकीं कांहींच्या घरीं वडिलांची वा आजोबांची सायकल जिन्याखालीं अजून उभी असेल. पुढें सायकलीची जागा स्वयंचलित दुचाकीनें घेतली, दुचाकीच्या जोडीला मोटार आली, आणि पुलांची रचना या नव्या वाहनांच्या सोयीनें होऊं लागली. नदीवर पूल वाढले. पण पायीं चालणाराच्या दृष्टीनें नदी रुंद झाली.

हें विधान अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून दोन प्रकारच्या पुलांची तुलना करून पाहूं. डेक्कन आणि नारायण पेठ यांना जोडणारा बाबा भिडे पूल हा ठेंगणा, पाण्यालगतचा पूल आहे. खडकवासल्याच्या धरणांतून पाणी सोडलें कीं तो बुडतो आणि रहदारीस बंद होतो. पावसाळ्याच्या सकाळीं ‘पाणी सोडलें का?’ हा प्रश्न ज्या कोणी पेठांमध्यें ऐकला असेल, त्याला या पुलाचा स्वभाव समजावून देण्याची गरज नाहीं. शास्त्रीय दृष्टीनें पाहतां हा पूल तिरस्करणीय ठरावा. परंतु लोकांचें त्याच्यावर प्रेम आहे, आणि तें निष्कारण नाहीं. तो सरळ आहे, जवळचा आहे, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर जाण्यासाठीं उंच चढावें लागत नाहीं. नदीकांठच्या वाटेवरून माणूस चालतां चालतां पुलावर येतो आणि पलीकडे उतरतो. अन्वय इतका स्वाभाविक कीं वाक्य केव्हां संपलें तें कळत नाहीं. उणीव एकच, सर्वऋतुत्वाची. पण ती प्राणावरची आहे.

दुसऱ्या बाजूला उंच पूल आहेत. ते पुरांत टिकतात, बारमाही आहेत, वाहनांचा मोठा भार सहन करतात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांचा मोठा भाग पाण्याखालीं गेला, त्या दिवसाची आठवण ज्या शहराच्या मनांत आहे त्यानें उंच पुलांचा आग्रह धरावा, यांत नवल नाहीं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सोडलेल्या पाण्यानें एकतानगरींत आणि लकडी पुलालगतच्या पुलाच्या वाडींत जो हाहाकार झाला, त्यानें तर तो धडा नव्यानें गिरवून घेतला. तेव्हां उंच पुलांची गरज आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप त्यांच्या उंचीवर नाहीं, त्यांच्या आतिथ्यावर आहे. वाहन त्यांवर आपोआप चढतें. माणसाला चढावें लागतें. पुलाच्या मधल्या कमानीवर इंजिनियराचें सारें लक्ष. पुलाचीं दोन टोकें मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेलीं. आणि पूल हा मध्यावर कधींच फसत नाहीं. तो फसतो टोकांशीं.

येथें थोडें गणित करावें लागेल. वाचकांनीं कंटाळूं नये, कारण या प्रश्नाचें मर्म ह्याच गणितांत आहे. पुलाची वाट आणि नदीकांठची वाट यांच्या उंचींत सहा मीटरांचें अंतर आहे असें धरूं. पायऱ्यांनीं तें अंतर थोड्या जागेंत उतरतां येतें. पण पायऱ्यांवरून सायकल जात नाहीं, चाकांची खुर्ची जात नाहीं, बाबागाडी जात नाहीं, आणि गुडघे दुखणारी आजीहि जात नाहीं. त्यांच्यासाठीं उतार हवा. अपंगांच्या सोयीच्या नियमांत उताराची कमाल मर्यादा बारास एक अशी मानतात. म्हणजे सहा मीटर उतरण्यास ७२ मीटर लांबीचा उतार, आणि मध्यंतरीं विसाव्याचे सपाट टप्पे वेगळे. सायकलस्वारास सुखानें चढावयाचें तर वीसास एक बरा, म्हणजे १२० मीटर. दोन तीरांवर मिळून ही लांबी कित्येक पुलांच्या स्वतःच्या लांबीएवढी भरेल. नदीच्या पात्रांत पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी रेषा आंखलेली असते; निळ्या रेषेच्या आंत भराव घालून उतार करणें म्हणजे पुराच्या वाटेंत धोंडा टाकणें. तेव्हां हा उतार बारीक खांबांवर, वळणें घेत, पाण्याला वाट ठेवून उतरवावा लागतो. त्यासाठीं जागा पूल आंखतांनाच राखली पाहिजे. पूल बांधून झाल्यावर, टोकांशीं दुकानें, थांबे आणि चौक उभे राहिल्यावर, ती जागा मागावयास गेलें तर ती कोठून मिळणार?

दुसरें गणित वळशाचें. एक किलोमीटराचा वळसा पडला, तर मोटारीला तीनचार मिनिटें लागतात, आणि तींहि बसल्या जागीं. सायकलीला पांच मिनिटें व थोडा घाम लागतो. पायीं चालणाराला पाव तास लागतो. जाऊन येऊन अर्धा तास. वळसा सर्वांस सारखाच घातला, तरी दंड सर्वांत दुबळ्याला सर्वांत मोठा होतो. रस्त्याच्या योजनेंत वळसा हा शब्द आला कीं तो कोणासाठीं, असें विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एक बाई आहेत. त्यांचें घर पेठेंत. पलीकडच्या तीरावर तीन घरीं त्या स्वयंपाक करतात. भिडे पूल उघडा असतो तोंवर त्यांचा दिवस वेळेवर चालतो. पूल बुडाला कीं त्यांना उंच पुलाकडे वळावें लागतें, गर्दींतून जीव मुठींत धरून चालावें लागतें, आणि पहिल्या घरीं झालेला उशीर तिसऱ्या घरापर्यंत वाढत जातो. ‘पाऊस पडला म्हणून बाई रागावत नाहींत, पण पूल बुडाला म्हणून मात्र रागावतात,’ असें त्या एकदां हंसून म्हणाल्या. त्यांच्या मालकिणींना दोष देण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. त्या गृहिणीहि आमच्याच वाचकवर्गांतल्या आहेत, आणि त्यांनाहि नऊच्या ठोक्याला घराबाहेर पडावयाचें असतें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, नदीवरील जोड ढिली असली म्हणजे तिचा ताण ज्याच्याजवळ वेळ विकत घेण्याची ऐपत नाहीं त्याच्यावर येऊन पडतो.

हा दोष अपरिहार्य नाहीं, हें इतर शहरांकडे पाहिलें म्हणजे कळतें. कोपनहेगन येथें २००६ सालीं बंदराच्या पाण्यावर ब्रुगेब्रोएन नांवाचा पूल केवळ पायीं चालणारांसाठीं व सायकलींसाठीं बांधला गेला. पूल उत्तम होता. परंतु एका टोकाशीं सायकलस्वारांची गति खुंटत असे. धक्क्यावरील पादचाऱ्यांच्या गर्दींतून वाट काढावी किंवा सायकल हातीं धरून पायऱ्या चढाव्या, एवढाच मार्ग त्यांस होता. त्या नगरीनें हा यतिभंग आठ वर्षें सोसला आणि २०१४ सालीं तेथें सुमारें १९० मीटर लांबीचा, ४ मीटर रुंदीचा, नागमोडी सायकल-पूल बांधून पुलाचें टोक वरच्या रस्त्याशीं जोडून दिलें. लोक त्याला त्यांच्या भाषेंत सायकल-सर्प म्हणतात. आज प्रवासी त्याच्या वळणांचीं छायाचित्रें काढतात. परंतु त्याचें खरें सौंदर्य वळणांत नाहीं. आधींच्या पुलाचें अपुरें वाक्य त्यानें पुरें केलें, यांत तें आहे.

हॉलंडांतील नायमेगेन शहरानें याहून काटकसरीचा मार्ग काढला. वाल नदीवर जुना रेल्वेपूल होता. २००४ सालीं त्याच्याच अंगाला सायकलींचा पूल जोडण्यांत आला, आणि त्याला स्नेलबिंडर असें नांव दिलें. स्नेलबिंडर म्हणजे सायकलीच्या मागें सामान बांधावयाचा रबरी पट्टा. नवा पूल जुन्या पुलाच्या पाठीवर सामानासारखा बांधला आहे, असा त्यांतील विनोद. पुढें त्याच शहरानें पुराच्या भयानें बांध मागें हटवून नदीला एक नवा प्रवाह मोकळा करून दिला, आणि त्या प्रवाहावर लोकांसाठीं नवे पूल घातले. नदीला जागा देणें आणि माणसाला वाट देणें ह्या गोष्टी परस्परविरोधी नाहींत, हें त्या उदाहरणावरून सिद्ध होतें.

आपल्या शेजारचें उदाहरण अहमदाबादेचें. साबरमतीवरील लोखंडी एलिस पूल १८९२ चा. तो मध्यें जपून १९९९ सालीं त्याच्या दोन्ही अंगांस वाहनांसाठीं नवे पूल बांधले गेले, ही रसिकतेची गोष्ट झाली. २०२२ च्या ऑगस्टांत त्याच नदीवर पायीं चालणारांचा अटल पूल खुला झाला. सुमारें ३०० मीटर लांबीचा, पतंगाची आठवण देणारा, रंगीबेरंगी छताचा हा पूल पाहावयास सुंदर आहे यांत शंका नाहीं. पण त्यावर पाऊल ठेवण्यास तिकीट लागतें. प्रौढ माणसास तीस रुपये. जो पूल ओलांडावयास तिकीट पडतें तो पाहण्याचा पूल, जाण्याचा नव्हे. बागेंत फुलझाड असावें तसा तो असूं द्यावा. परंतु चालणाराचा प्रश्न त्यानें सोडविला असें मात्र कोणी म्हणूं नये. आकर्षकता हा पांच गुणांपैकीं शेवटचा गुण आहे, आणि तो पहिल्या चारांची जागा घेऊं शकत नाहीं.

या उदाहरणांच्या प्रकाशांत पुण्याच्या योजना पाहूं. योजनांचा दुष्काळ येथें नाहीं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेंच वाहनांपेक्षां माणसांच्या हालचालीस प्राधान्य द्यावें असें सांगून ठेवलें आहे. २०१६ सालीं पुणें महानगरपालिकेनें पादचाऱ्यांविषयींचें धोरण स्वीकारलें. २०१७ च्या डिसेंबरांत सायकलींचा सर्वंकष आराखडा मान्य केला. त्याच सुमारास भाड्याच्या सार्वजनिक सायकली रस्त्यावर आल्या, आणि दोनतीन वर्षांत दिसेनाशाहि झाल्या. ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांस बंद करून पादचारी दिन साजरा झाला. मुळामुठेच्या ४४ किलोमीटर लांबीच्या कांठाचा विकास करण्याच्या योजनेचें भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजीं झालें. तींत नदीच्या कडेनें फिरण्याचे सलग मार्ग आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो डेक्कन आणि संभाजी उद्यान येथें थांबूं लागली, आणि या स्थानकांतून नदीपलीकडील पेठांत जाणारे पादचारी पूलहि योजण्यांत आले.

यांपैकीं प्रत्येक योजनेचे स्वतंत्र गुणदोष सांगण्याचें हें स्थळ नव्हे. नदीकांठच्या योजनेविषयीं झाडांचा आणि पात्राच्या रुंदीचा जो वाद चालला आहे तो फार गंभीर आहे, आणि त्याला स्वतंत्र लेखच हवा. आमचा आक्षेप या योजनांच्या परस्परसंबंधावर आहे. सायकलींचा विचार रस्त्यांच्या आराखड्यांत होतो, फिरण्याच्या वाटेचा नदीच्या आराखड्यांत, पादचारी पुलाचा मेट्रोच्या आराखड्यांत आणि मोटारींच्या पुलाचा आणखी कोठें तरी. हीं चार उत्तम पदें आहेत. पण त्यांचें मिळून वाक्य करावयाचें कोणी? जोड ही कोणाच्याहि प्रकरणांत येत नाहीं. प्रत्येक आराखडा आपल्या हद्दीपाशीं थांबतो, आणि नागरिकाची अडचण नेमकी त्या हद्दीवर सुरू होते.

नदीकांठच्या वाटांविषयीं एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. त्या वाटा लांबीच्या आहेत. नागरिकाची गरज रुंदीची आहे. रविवारीं सकाळीं नदीच्या कडेनें चार मैल फिरणारा मनुष्य आणि सोमवारीं सकाळीं नदी ओलांडून कामावर जाणारा मनुष्य एकच असला, तरी त्याच्या दोन गरजा भिन्न आहेत. पहिली गरज भागविणें अधिक सोपें असतें, कारण तिचें चित्र सुंदर निघतें: पाणी, हिरवळ, बांकें, दिवे. दुसऱ्या गरजेचें चित्र म्हणजे एका चौकाच्या कोपऱ्यावरचा उतार. त्याचें उद्घाटन करावयास कोण येणार? परंतु कांठावरची वाट प्रत्येक पुलाशीं उतारानें जोडलेली नसेल, तर ती नदीइतकीच माणसाला दूर ठेवील. पूर्वीं पाणी ओलांडावें लागत होतें. आतां पाणी आणि बांध दोन्ही ओलांडावे लागतील.

यावर पूर्वपक्ष काय म्हणेल तें आम्हांस ठाऊक आहे. आज सायकलीवर फिरणारे राहिले किती, आणि त्यांच्यासाठीं इतका खर्च कां? याचें उत्तर असें कीं, ज्या गांवांत विहीर नाहीं तेथें आडावर पाणी भरणाऱ्या बायका दिसत नाहींत. त्यावरून गांवाला तहान नाहीं असा निष्कर्ष निघत नाहीं. सायकल सोडलेल्यांपैकीं कितीकांनीं ती भयानें सोडली, हें त्यांनाच विचारावें. शिवाय चालणारांची संख्या कधींच थोडी नव्हती. बसचा, मेट्रोचा आणि मोटारीचाहि प्रवासी आरंभीं व शेवटीं चालणाराच असतो. दुसरा पक्ष म्हणेल कीं, मोटारींच्या पुलावर पदपथ आहेतच, मग वेगळें काय हवें? वेगळा पूल हवाच असा आमचाहि आग्रह नाहीं. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमांत पदपथावर चालण्यास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि कडेचा दगड १५० मिलिमीटरांहून उंच नसावा, असें सांगितलें आहे. हा नियम पुलावर, पुलाच्या दोन्ही टोकांशीं आणि पुढच्या चौकापलीकडेपर्यंत अखंड पाळला, तर अर्धें काम नव्या पुलावांचून होईल. नियम पुस्तकांत सलग आहे. तो जमिनीवर तुटक आहे.

पूल ही केवळ जाण्याची नव्हे, थांबण्याचीहि जागा होऊं शकते, हें पुणेंकरांनीं स्वतःच दाखवून दिलें आहे. हलक्या वाहनांसाठीं बांधलेल्या झेड पुलावर संध्याकाळीं तरुण मंडळी कठड्याशीं उभीं असतात. कोणत्याहि आराखड्यांत हा उपयोग लिहिला नसेल. नदी घाण आहे, वर वाहनांचा धूर आहे, बसावयास जागा नाहीं. तरी वाऱ्यासाठीं आणि मोकळ्या आभाळासाठीं माणसें तेथें येतात. ज्या शहरांत घरें लहान आणि अंगणें नाहींशीं झालीं, तेथें नदीवरचें मोकळें आकाश हीच काय ती सर्वांच्या मालकीची गच्ची उरली आहे. वडीलधाऱ्यांनीं या मंडळींकडे पाहून नाक मुरडण्याऐवजीं तेथें दोन बांकें कां नाहींत, असा प्रश्न विचारला तर तो अधिक उपयुक्त होईल.

टीकाकारानें दोष दाखवून थांबूं नये, अशी अपेक्षा असते. म्हणून तीन नम्र सूचना करून हा लेख आटोपतों. पहिली अशी कीं, यापुढें मुठेवरील कोणत्याहि पुलाचा नकाशा नुसता पुलाचा नसावा. दोन्ही तीरांवरील पांचपांचशें पावलांची वाट त्याच कागदावर दाखविलेली असावी, आणि त्या वाटेंत एकहि खंड असेल तर तो नकाशा अपुरा समजावा. दुसरी अशी कीं, भिडे पूल मोडूं नये, परंतु त्याच्यावर विसंबूंहि नये. तो उन्हाळ्या-हिवाळ्याची वाट म्हणून राहूं द्यावा, आणि तो बुडाला असतां चालणारास व सायकलस्वारास त्याच्या जवळूनच, सौम्य उतारानें, उंच वाट मिळावी. मेट्रोचे पादचारी पूल मेट्रोच्या प्रवाशांपुरते न ठेवतां साऱ्या पेठांचे समजले, तर या कामीं त्यांचा उपयोग होईल. तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आहे. आराखड्यास मान्यता देण्यापूर्वीं तो मंजूर करणारांनीं एक वृद्ध आणि एक शाळकरी मूल बरोबर घेऊन, भर आषाढांत, सकाळीं नवाच्या सुमारास, नारायण पेठेंतून डेक्कनला पायीं जाऊन यावें. कागदावर न दिसलेले दूरान्वय त्यांस तेथें पावलोपावलीं दिसतील.

लकडी पुलाला अडीचशेंहून अधिक वर्षांची परंपरा आहे. त्या काळीं शहराला नदीपलीकडे जावयाचें होतें, म्हणून त्यानें हाताशीं असलेल्या लांकडाचा पूल केला. आज आपल्यापाशीं पोलाद आहे, सिमेंट आहे, गणित आहे, द्रव्यहि आहे. स्वयंपाकाच्या बाईंना पावसाळ्यांत पहिल्या घरीं वेळेवर पोंचतां यावें, इतकी माफक कसोटी या साऱ्या सामग्रीस लावली, तर ती फार कठीण आहे असें कोणी म्हणणार नाहीं. त्या कसोटीस उतरणारा पूल मुठेवर झाला, तर त्याचें परीक्षण आम्ही आनंदानें पुन्हां लिहूं.